शीतसाखळीचे दूरनिरीक्षण

शीतसाखळीचे दूरनिरीक्षण म्हणजे फळे, भाजीपाला, मासे, मांस, दुग्धजन्य पदार्थ, औषधे व लसी यांसारख्या नाशवंत मालाचे तापमान, आर्द्रता आणि ठिकाण साठवणूक व वाहतूक चालू असतानाच संवेदकांच्या, म्हणजेच सेन्सरच्या, साहाय्याने मोजून ती माहिती मोबाइल किंवा उपग्रह जाळ्यामार्फत दूरच्या संगणकाकडे पाठविण्याची पद्धती होय. मालवाहतुकीत इंटरनेट ऑफ थिंग्ज या तंत्रज्ञानाचा जो वापर होतो, त्याचा हा एक प्रमुख भाग आहे.

दूरनिरीक्षणामुळे माल थंड होत नाही. ते काम शीतयंत्राचेच असते. फरक पडतो तो बिघाड कळण्याच्या वेळेत. पूर्वी माल मुक्कामी पोहोचून कंटेनर किंवा खोका उघडल्यावरच नुकसान उघडकीस येत असे. आता ते वाटेत असतानाच समजू शकते आणि माल वाचविण्यास काही अवधी मिळतो. मात्र हा अवधी उपयोगी पडण्यासाठी सूचना योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचणे आणि त्या व्यक्तीला काही करण्याची मुभा व साधने असणे आवश्यक असते. रीफर कंटेनरमधून होणारी फळांची निर्यात आणि सार्वजनिक लसीकरण कार्यक्रम या दोन क्षेत्रांत या पद्धतीचे लाभ व मर्यादा विशेष स्पष्टपणे दिसतात.

पार्श्वभूमी

नाशवंत माल थंड ठेवून दूरवर नेण्याचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. १८८२ मध्ये ‘डुनेडिन’ या जहाजाने न्यूझीलंडमधून गोठविलेले मांस लंडनला यशस्वीरीत्या पोहोचविले. ही घटना शीतवाहतुकीच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. रस्तेवाहतुकीसाठीचे यांत्रिक शीतयंत्र अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स हे त्याचे प्रमुख संशोधक होत. त्यांनी जोसेफ न्यूमेरो यांच्यासह स्थापन केलेली कंपनी पुढे ‘थर्मो किंग’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

शीतयंत्रे आली तरी त्यांच्या कामगिरीची नोंद ठेवण्याची साधने दीर्घकाळ साधीच राहिली. कंटेनरवर बसविलेल्या नोंदयंत्रात कागदाची गोल तबकडी हळूहळू फिरत असे आणि तापमानानुसार हलणारी लेखणी तिच्यावर रेघ उमटवीत असे. जहाजावरील कर्मचारी ठरावीक वेळी फेरी मारून प्रत्येक कंटेनरचे तापमान वहीत लिहीत. ही नोंद नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून उपयोगी पडे. परंतु तबकडी वाचली जाईपर्यंत माल बहुधा खराब झालेला असे.

सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजे मायक्रोप्रोसेसर, असलेले नियंत्रक आल्यावर ही नोंद अंकीय स्वरूपात साठविता येऊ लागली. जहाजावरील कंटेनरांची माहिती त्यांच्या वीजवाहिनीतूनच जहाजाच्या नियंत्रण कक्षात पोहोचविण्याची पद्धतही विकसित झाली. तिच्यासाठी १९९२ मध्ये आयएसओ १०३६८ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध करण्यात आले. तथापि हे निरीक्षण कंटेनर जहाजावर किंवा बंदरात वीजजोडणीवर असेपर्यंतच चालत असे. कंटेनर ट्रकवर चढला, की माहितीचा धागा तुटे. मोबाइल जाळे, जीपीएस आणि स्वस्त मोडेम यांच्या प्रसारानंतर ही उणीव बऱ्याच अंशी दूर झाली.

‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ ही संज्ञाही पुरवठा साखळीच्या संदर्भातच प्रथम वापरली गेली. केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत केलेल्या सादरीकरणाला हे शीर्षक दिले होते. वस्तूंवर आरएफआयडी टॅग लावून त्यांची माहिती माणसाने टंकित न करता संगणकाला आपोआप मिळावी, हा त्यामागील विचार होता.

नाशवंत मालात तापमानाचे महत्त्व

तोडणीनंतरही फळे व भाज्या श्वसन करीत असतात. या क्रियेत साठविलेली साखर खर्च होते, उष्णता निर्माण होते आणि फळ हळूहळू जुने होत जाते. सर्वसाधारणपणे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. त्यामुळे काही तासांची उष्णता फळाच्या आयुष्यातील कित्येक दिवस कमी करू शकते. हे नुकसान साठत जाते. फळ नंतर पुन्हा थंड केले तरी गेलेले आयुष्य परत येत नाही.

अतिथंडीही घातक ठरते. केळी सुमारे १३ अंशांखाली ठेवली, तर त्यांच्या सालीवर करडी छटा येते आणि ती नीट पिकत नाहीत. द्राक्षे याउलट शून्य अंशाच्या जवळ उत्तम टिकतात. गोठविलेल्या मालासाठी उणे १८ अंश हे तापमान प्रचलित आहे. म्हणजेच प्रत्येक मालाला वरची व खालची अशा दोन्ही मर्यादा असतात आणि निरीक्षण यंत्रणेला दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार, जगात उत्पादित होणाऱ्या अन्नापैकी सुमारे १४ टक्के अन्न कापणीनंतर, परंतु किरकोळ विक्रीच्या टप्प्यापूर्वी वाया जाते. त्याची कारणे अनेक आहेत. अपुरी किंवा खंडित शीतसाखळी हे त्यांपैकी एक होय.

उपकरणे आणि कार्यपद्धती

दूरनिरीक्षण यंत्रणेचे तीन भाग पडतात : मोजमाप, संदेशवहन आणि सूचना.

मोजमापासाठी तापमानानुसार विद्युत रोध बदलणारी उपकरणे, म्हणजे थर्मिस्टर किंवा प्लॅटिनम रोध तापमापक, वापरली जातात. गरजेनुसार आर्द्रता, ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, दरवाजा उघडल्याने आत येणारा प्रकाश, धक्के आणि उपकरणाचा वीजपुरवठा यांचीही नोंद केली जाते. रीफर कंटेनरमध्ये निदान दोन ठिकाणचे तापमान मोजले जाते : शीतयंत्रातून मालाकडे जाणाऱ्या हवेचे आणि मालातून फिरून परत येणाऱ्या हवेचे. या दोन्हींतील फरकावरून माल किती उष्णता सोडतो आहे, याचा अंदाज येतो.

हवेचे तापमान आणि मालाचे तापमान या वेगळ्या गोष्टी आहेत. दरवाजा क्षणभर उघडला, तर हवा लगेच तापते. परंतु फळाच्या गाभ्याचे किंवा कुपीतील लसीचे तापमान हळू बदलते. म्हणून फळांच्या गरात खुपसण्याचे स्वतंत्र संवेदक वापरतात. लसींच्या शीतकपाटात काही ठिकाणी संवेदकाचे टोक ग्लायकॉलसारख्या द्रवाने भरलेल्या बाटलीत ठेवले जाते, जेणेकरून वाचन हवेऐवजी लसीच्या स्थितीशी जुळेल.

संदेशवहनासाठी कमी अंतरावर ब्लूटूथ, तर लांब अंतरासाठी मोबाइल जाळे वापरले जाते. समुद्रावर मोबाइल जाळे नसते. तेथे कंटेनरचे मोडेम जहाजावरच्या स्थानिक जाळ्याशी जोडले जातात आणि पुढे माहिती उपग्रहामार्फत किनाऱ्यावर जाते. संपर्क तुटला, तर उपकरण वाचने स्वतःच्या स्मृतीत साठविते आणि संपर्क पुन्हा मिळताच पाठविते. अशा वेळी नोंद पूर्ण राहते, पण सूचना मात्र उशिरा पोहोचते.

सूचनेच्या टप्प्यात संगणक आलेल्या वाचनांची ठरविलेल्या मर्यादांशी तुलना करतो. मर्यादा किती काळ ओलांडली गेली, हेही पाहिले जाते. अन्यथा शीतयंत्राने बाष्पकावरील हिम वितळविण्यासाठी घेतलेल्या नेहमीच्या विरामातही धोक्याची सूचना निघेल. धोका खरा असल्यास संबंधितांना संदेश जातो. काही यंत्रणांमध्ये शीतयंत्राचे निर्धारित तापमान किनाऱ्यावरील कार्यालयातून बदलण्याचीही सोय असते.

सर्व उपकरणे अशी जोडलेली नसतात. अनेक खोक्यांत आजही साधे डेटा लॉगर ठेवले जातात. त्यांतील नोंद माल पोहोचल्यावर संगणकाला जोडूनच वाचावी लागते. अशी उपकरणे स्वस्त असली, तरी ती कागदी तबकडीप्रमाणे घडून गेलेले सांगतात. वाटेत इशारा देऊ शकत नाहीत.

रीफर कंटेनर

रीफर कंटेनर म्हणजे स्वतःचे शीतयंत्र असलेला, उष्णतारोधक भिंतींचा वाहतूक कंटेनर. जहाजावर व बंदरात त्याला त्रिकला वीजजोडणी दिली जाते, तर रस्त्यावर डिझेल जनित्र लागते. बंदर, ट्रक आणि जहाज यांच्यामधील प्रत्येक बदलात जोडणी काढली व पुन्हा लावली जाते. जोडणी लावावयाची राहून जाणे किंवा जनित्रातील इंधन संपणे या साध्या चुका अशा ठिकाणी घडतात.

मर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक कंपनीने आपल्या रीफर कंटेनरांवर जीपीएस व मोडेम बसवून त्यांचे दूरनिरीक्षण आरंभी स्वतःच्या देखभालीसाठी सुरू केले आणि २०१७ मध्ये ही माहिती ग्राहकांसाठी खुली केली. जर्मनीच्या हापाग-लॉइड या कंपनीने २०२२ मध्ये आपल्या साध्या, म्हणजे शीतयंत्र नसलेल्या, कंटेनरांवरही माग काढणारी उपकरणे बसविण्याचे जाहीर केले. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांच्या जहाजांवर व बंदरांत चालावीत, यासाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशन या संस्थेने सामाईक मानके तयार करण्याचे काम हाती घेतले.

दूरनिरीक्षणामुळे कंटेनरची रिकामा असतानाची तपासणीही बदलली. पूर्वी प्रत्येक रिकाम्या रीफरची भरणीपूर्वी तंत्रज्ञाकडून प्रत्यक्ष तपासणी केली जाई. आता यंत्राने आधीच्या प्रवासात नोंदविलेल्या वर्तनावरून कोणत्या कंटेनरला तपासणीची गरज आहे, हे बऱ्याच प्रमाणात ठरविता येते.

द्राक्षांची निर्यात

भारतातून युरोपात जाणाऱ्या ताज्या द्राक्षांचा फार मोठा भाग महाराष्ट्रात, विशेषतः नाशिक जिल्ह्यात पिकतो आणि उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून रवाना होतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम हे त्याचे एक प्रमुख आगमन बंदर आहे. तोडणी, पॅकहाऊसमधील प्रतवारी व पॅकिंग, प्रीकूलिंग, शीतगृह, रीफर कंटेनर, बंदर व जहाज असा हा प्रवास असून सुएझ कालव्यामार्गे त्यास साधारणतः तीन ते चार आठवडे लागतात.

प्रवासात द्राक्षे शून्य अंश किंवा त्याहून किंचित कमी तापमानात आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवली जातात. ती सुमारे उणे २ अंशांच्या आसपास गोठत असल्याने चुकीला वाव थोडाच असतो. करडी बुरशी रोखण्यासाठी खोक्यात सल्फर डायऑक्साइड वायू हळूहळू सोडणारे पॅड ठेवतात. तापमान वरखाली झाले, तर खोक्यात दव साचते. ओलाव्यामुळे पॅडमधून वायू एकदम सुटतो व मण्यांचा रंग उडतो. पुरेसा थंडावा न मिळाल्यास देठ वाळून तपकिरी होतात आणि मणी गळतात. म्हणजे वाटेत घडलेल्या एका चढउताराची खूण आयातदाराच्या टेबलावर स्पष्ट दिसते. परंतु तो चढउतार कोठे घडला, हे फळाकडे पाहून सांगता येत नाही. तापमानाची अखंड नोंद नेमके हेच सांगते.

रीफर यंत्राची रचना थंड केलेला माल थंड राखण्यासाठी असते. गरम माल जलद थंड करण्याची त्याची क्षमता मर्यादित असते. प्रीकूलिंग अपुरे झाले असेल, तर आत जाणाऱ्या हवेचे तापमान योग्य दिसूनही खोक्यांच्या मध्यभागी फळ कित्येक दिवस उबदार राहू शकते. परत येणाऱ्या हवेचे पहिल्या काही दिवसांतील वाचन अशा वेळी दोष कंटेनरचा की पॅकहाऊसचा, याचा उलगडा करते.

कृषी व प्रक्रियाकृत अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजे अपेडाने, २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही माग काढण्याची प्रणाली चालविली आहे. कीडनाशक अवशेषांच्या तपासणीसाठी सुरू झालेल्या या प्रणालीमुळे निर्यात झालेला माल कोणत्या नोंदणीकृत बागेतील आहे, हे शोधता येते. बागेपर्यंतचा माग आणि प्रवासातील तापमानाची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली शेतकऱ्याच्या नावाशी जोडलेली असते, तर दुसरी बहुधा जहाजवाहतूक कंपनी व निर्यातदार यांच्याकडे राहते.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर अनेक जहाजे सुएझऐवजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जाऊ लागली. त्यामुळे भारत-युरोप प्रवास सुमारे दहा दिवस ते दोन आठवड्यांनी लांबला आणि ही वाढ नेमकी २०२४ च्या द्राक्ष हंगामात झाली. अशा लांबलेल्या प्रवासात माल कोणत्या स्थितीत आहे, हे आधी कळले तर आयातदार त्याची विक्री लवकर उरकू शकतो किंवा जवळच्या बाजारपेठेकडे वळवू शकतो. दिवस मात्र संवेदकाने कमी होत नाहीत.

लसींची शीतसाखळी

नेहमीच्या लसीकरणातील बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लसीसारख्या काही लसी उष्णतेने लवकर निकामी होतात. हिपॅटायटिस ब, धनुर्वात व पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्यास निकामी होतात. निकामी झालेली लस बहुधा दिसायला पूर्वीसारखीच असते. तिच्यामुळे बाळाला लगेच अपाय होत नसला, तरी संरक्षण मिळत नाही आणि ते न मिळाल्याचे रोगाची साथ येईपर्यंत लक्षातही येत नाही. फळांच्या बाबतीत उशिरा का होईना नुकसान दिसते. लसीच्या बाबतीत ते दिसतच नाही. त्यामुळे येथे नोंदीचे महत्त्व अधिक आहे.

१९९६ पासून पोलिओ लसीच्या कुपीवर ‘व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर’ हे चिन्ह छापले जाऊ लागले. या चिन्हातील आतला चौकोन उष्णतेमुळे गडद होत जातो. तो बाहेरील वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी वापरावयाची नसते. यास वीज, जाळे वा प्रशिक्षित तंत्रज्ञ लागत नाही आणि हे चिन्ह लाभार्थीपर्यंत कुपीबरोबर जाते. मात्र ते गोठण्याची नोंद करू शकत नाही.

शीतसाखळीत पूर्वीपासून भर होता तो उष्णता टाळण्यावर. सलग नोंद करणारी उपकरणे कपाटांत व खोक्यांत ठेवून झालेल्या अभ्यासांनी दुसरी बाजू पुढे आणली. २००७ मध्ये ‘व्हॅक्सीन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, पाहणी केलेल्या शीतकपाटांपैकी किंवा वाहतूक फेऱ्यांपैकी १४ ते ३५ टक्क्यांमध्ये लस गोठणबिंदूखालील तापमानास सामोरी गेल्याचे आढळले. दिवसातून दोनदा तापमापक वाचून वहीत केलेल्या नोंदीत रात्रीचा असा प्रसंग सापडत नाही.

ईविन

भारतात केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने २०१५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक व्हॅक्सीन इंटेलिजन्स नेटवर्क’, संक्षेपाने ईविन, ही प्रणाली सुरू केली. पुढे ती टप्प्याटप्प्याने देशभर नेण्यात आली. भारतातील सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे क्षेत्र २७ हजारांहून अधिक शीतसाखळी केंद्रांवर पसरलेले आहे. त्यांत मोठ्या भांडारांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत सर्वांचा समावेश होतो.

ईविनमध्ये दोन प्रकारची माहिती एकत्र येते. लसींचा साठा केंद्रातील कर्मचारी मोबाइल ॲपवर नोंदवितात, तर तापमान आपोआप नोंदविले जाते. शीतकपाटात ठेवलेला, सिमकार्ड असलेला लॉगर दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवितो आणि साधारणतः तासातून एकदा ते सर्व्हरकडे पाठवितो. मर्यादा ओलांडली गेल्यास जागेवर गजर होतो आणि जबाबदार तंत्रज्ञ व अधिकाऱ्यांना एसएमएस व ईमेल जातो. या व्यवस्थेत उपकरणांइतकेच मनुष्यबळाला महत्त्व दिलेले आहे. सूचना आल्यावर वीज का गेली, कपाट कोणी दुरुस्त करावयाचे आणि तोवर लस कोठे हलवावयाची, हे ठरविणारे लोक नेमलेले नसतील, तर गजराचा उपयोग होत नाही.

कोविड-१९ लसीकरणासाठी वापरली गेलेली को-विन प्रणाली ईविनच्या पायावरच उभारण्यात आली. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामधून कोविशील्ड लसीचा पहिला साठा १२ जानेवारी २०२१ रोजी शीतवाहनांतून रवाना झाला. ही लस २ ते ८ अंशांत टिकणारी असल्याने अस्तित्वात असलेली शीतसाखळी तिच्यासाठी वापरता आली. फायझर व बायोएनटेक यांची लस आरंभी सुमारे उणे ७० अंश तापमानात न्यावी लागत होती. तिच्या सुक्या बर्फाच्या प्रत्येक खोक्यात तापमान व ठिकाण कळविणारे संवेदक ठेवलेले असत.

कंटेनरचा माग काढणाऱ्या भारतीय यंत्रणा

तापमान न मोजता केवळ ठिकाण सांगणाऱ्या यंत्रणाही शीतसाखळीला उपयोगी पडतात, कारण नाशवंत मालात विलंब हाच धोका असतो. जुलै २०१६ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरात ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ हा प्रकल्प सुरू झाला. भारत सरकारशी संबंधित औद्योगिक मार्गिका विकास संस्था आणि जपानची एनईसी ही कंपनी यांच्या संयुक्त उपक्रमातर्फे तो चालविला जातो. यात कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावला जातो. बंदराचे दार, पथकर नाके, कंटेनर मालस्थानके व अंतर्गत कोरडी बंदरे येथील वाचकयंत्रे तो टॅग वाचतात आणि कंटेनर क्रमांकावरून मालधन्याला त्याचे ठिकाण पाहता येते.

फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर बंधनकारक झालेला फास्टॅगदेखील याच तत्त्वावर चालतो. अशा टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या लहरींवरच तो उत्तर देतो. त्यामुळे तो स्वस्त व टिकाऊ असतो. मात्र दोन नाक्यांमधल्या अंतरात काय घडले, हे तो सांगू शकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणात अशा वेगवेगळ्या शासकीय यंत्रणांची माहिती ‘युलिप’ या एकत्रित मंचावर उपलब्ध करण्यावर भर देण्यात आला.

नियम व मानके

नाशवंत अन्नाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी १९७० मध्ये जिनिव्हा येथे एटीपी करार झाला. तो प्रामुख्याने वाहनांच्या उष्णतारोधक क्षमतेशी व वाहतुकीच्या तापमानांशी संबंधित आहे. युरोपीय संघाने २००५ च्या ३७ क्रमांकाच्या नियमानुसार जलद गोठविलेल्या अन्नाच्या वाहतुकीत व साठवणुकीत तापमान नोंदविणारी उपकरणे आवश्यक केली. औषधांच्या वितरणाबाबतची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे २०१३ मध्ये सुधारण्यात आली. त्यांनुसार वाहतुकीत तापमानाची मर्यादा ओलांडली गेल्यास ती बाब वितरक व माल स्वीकारणारा या दोघांनाही कळविणे अपेक्षित आहे.

फळमाशीसारख्या किडी नष्ट करण्यासाठी काही देश ‘शीत प्रक्रिया’ मान्य करतात. यात फळ ठरावीक दिवस सलग ठरावीक तापमानाखाली ठेवावे लागते. अमेरिकेच्या पद्धतीत कंटेनरमधील फळांच्या गरात तीन संवेदक बसवितात आणि त्याआधी ते बर्फमिश्रित पाण्यात, म्हणजे शून्य अंशावर, तपासून घेतात. येथे तापमानाची नोंद हाच माल देशात येऊ देण्याचा आधार असतो. नोंद खंडित झाली किंवा मर्यादा ओलांडली गेली, तर फळ चांगले असूनही प्रक्रिया अपुरी ठरू शकते.

मर्यादा आणि वाद

तांत्रिक मर्यादा : संवेदक ज्या ठिकाणी असतो, तेथीलच तापमान सांगतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दाराजवळचे खोके आणि शीतयंत्राजवळचे खोके यांच्या तापमानात फरक पडू शकतो. कंटेनरच्या धातूच्या भिंती रेडिओलहरी अडवितात. त्यामुळे खोक्यांमध्ये ठेवलेल्या उपकरणाला बाहेर संपर्क साधणे अवघड जाते. जुनी मोबाइल जाळी बंद होणे हीदेखील एक अडचण आहे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपले थ्रीजी जाळे बंद केल्यावर त्यावर अवलंबून असलेली उपकरणे तेथे निरुपयोगी झाली. एकदाच वापरून टाकून देण्याच्या लॉगरमुळे बॅटरी व इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातही भर पडते.

सूचनांचा अतिरेक : मर्यादा फार काटेकोर ठेवल्यास किरकोळ कारणांनी वारंवार सूचना येतात व कालांतराने त्यांकडे दुर्लक्ष होते. मर्यादा सैल ठेवल्यास खरा बिघाड उशिरा कळतो.

माहितीची मालकी : संवेदक बहुधा वाहतूकदाराच्या मालकीचे असतात आणि नोंदही त्याच्याच संगणकावर साठते. नुकसानभरपाईच्या दाव्यात हीच नोंद मुख्य पुरावा ठरते. त्यामुळे ती पूर्ण स्वरूपात आणि वेळेवर कोणाला मिळावी, हा व्यापारी वादाचा विषय आहे. साखळीच्या आरंभी असलेल्या शेतकऱ्याला दर्जा घसरल्याबद्दल कमी दर मिळतो; परंतु घसरण त्याच्या बागेतून निघाल्यावर झाली, हे दाखविणारी नोंद त्याला पाहता येतेच असे नाही. मोठे निर्यातदार स्वतःची वेगळी उपकरणे मालात ठेवून हा प्रश्न काही प्रमाणात सोडवितात. लहान उत्पादकांना गट किंवा उत्पादक कंपन्यांमार्फतच ते शक्य होते.

कामगारांवरील पाळत : तापमान कळविणारे उपकरण वाहनाचा वेग, थांबे आणि दार उघडण्याची वेळही कळविते. इंधन वाचविण्यासाठी वाटेत शीतयंत्र बंद ठेवण्यासारखे प्रकार यामुळे उघड होतात, ही त्याची जमेची बाजू मानली जाते. दुसरीकडे, विलंबाचे कारण बंदरातील रांग किंवा बंद रस्ता असला, तरी नोंदीत दिसतो तो चालकाचा थांबा. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून मालवाहू वाहनांवर चालकाच्या कामाचे तास नोंदविणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे सक्तीची झाली. त्यांचा चालकांच्या स्वायत्ततेवर झालेला परिणाम समाजशास्त्रज्ञ कॅरेन लेव्ही यांनी ‘डेटा ड्रिव्हन’ या २०२२ मधील ग्रंथात अभ्यासला आहे.

सुरक्षा : जाळ्याशी जोडलेली वाहतूक जाळ्यावरील हल्ल्यांनाही बळी पडू शकते. जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ या संगणकीय हल्ल्यात मर्स्कच्या संगणक यंत्रणा बंद पडल्या. तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. हा हल्ला संवेदकांमार्फत झालेला नव्हता. तथापि संगणक बंद पडल्यावर कंटेनर कोठे आहे व त्यात काय आहे, हे सांगणारी पर्यायी व्यवस्था किती आवश्यक असते, हे त्यातून स्पष्ट झाले. या कारणास्तव अनेक ठिकाणी अंकीय नोंदीबरोबर हाताने केलेली नोंद आणि लसीच्या कुपीवरील चिन्हासारखी, जाळ्यावर अवलंबून नसलेली साधने आजही वापरात ठेवली जातात.

हे सुद्धा पहा

शीतगृह
रीफर कंटेनर
इंटरनेट ऑफ थिंग्ज
आरएफआयडी
सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम
जवाहरलाल नेहरू बंदर